बंद घराच्या शेजारी

सर्व्हे करताना कुलूप लावलेलं घर आलं की मी शेजारच्या घरात जायचो. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट काम अडू दिलं नाही याचं बरंच वाटायचं.

ही गोष्ट एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली. मी नांदेडला विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत होतो. बी.एस्सी. गणितात झाली होती. संख्याशास्त्राकडं वळलो ते नोकऱ्या जास्त निघतात असं कुणीतरी म्हणालं म्हणून. पण पहिल्या दिवसापासून त्या विषयात माझं मन स्थिर झालं नाही. गणितात उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक. इथं उत्तर काढल्यावर आपण कितपत चुकलो असू, तेही शेजारी लिहावं लागायचं. देगलूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला हे फार अवघड गेलं. आम्हाला चुकलं की छडी बसायची. चूक मोजून, तिला नाव देऊन कागदावर मांडायची, हे अंगवळणी पडेना. वर्गात मॅडम फळ्यावर इंग्रजीत लिहीत असायच्या आणि बाकाखाली माझा पाय हलत राहायचा. शेजारी बसणारा गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवायचा. "अरे बाबा, बाक हलतोय. माझ्या वहीतला सिग्मा वाकडा झाला बघ."

पाय हलायचा त्याला कारण होतं. आमच्या घरातून विद्यापीठापर्यंत आलेला मी पहिला. माझ्यामागे माझी बहीण होती. बारावीला गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते. तिला नांदेडला बी.एस्सी.ला जायचं होतं आणि ती घरी बसून होती, कारण बाबांनी सांगितलं होतं, "दादाचं होऊ दे, मग तुझं. दोघं एकदम गेल्यावर घर खायला उठतंय." बाबांचा हा शब्द कुणी मोडत नव्हतं. त्यामागे काय होतं, ते पुढे सांगतो. वर्ष असंच गेलं होतं. आता मी या मे महिन्यात सुटलो तर जूनमध्ये तिचा नंबर. नाही सुटलो तर तिचं आणखी एक वर्ष जाणार, आणि एवढ्यातच मोठे काका कुणाकुणाच्या मुलाचं नाव घेऊन घरी येऊन बसायला लागले होते. ती दर आठवड्याला फोनवर विचारायची, "दादा, तुझी सरासरी संपली का?"

शेवटच्या वर्षाला एक प्रोजेक्ट असतो. मी माझ्याच गावाचा सर्व्हे घेतला. गावात दहावीनंतर किती मुलं शिकतात, कुठं शिकतात, मध्येच सोडलं तर का सोडलं. ग्रामपंचायतीतून घरांची यादी घेतली आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे दर सातवं घर निवडायचं ठरवलं. पहिलं घर कोणतं, ते चिठ्ठी टाकून. चिठ्ठी बहिणीनं काढली.

"चिठ्ठी मी काढायची, घरोघर मी हिंडायचं, बायांशी मी बोलायचं," ती म्हणाली, "आणि प्रोजेक्टवर नाव तुझं."

"तुझे आभार मानीन शेवटच्या पानावर."

"आभार नगंत. जूनमध्ये ॲडमिशन पाहिजे."

तुरी काढायचे दिवस होते. आम्ही दोघं पाटी आणि छापील प्रश्नांचे कागद घेऊन निघालो. सुरुवातीची घरं पटापट झाली. मग हिरव्या दाराचं एक घर आलं. दाराला कुलूप होतं आणि उंबऱ्याजवळ वाळलेला पाला साचला होता. या घराच्या भिंतीला लागूनच अक्कांचं घर. अक्का आमच्या कुणी नात्यातल्या नाहीत, पण अख्खी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. त्या दारात बसून तुरीचा भुसा पाखडत होत्या.

"कुणाकडं रं?"

"या घरी, अक्का. सर्व्हे आहे."

"त्ये लातूरला असत्यात. पोराला डॉक्टर करायलेत. ये हिकडं. उन्हात कशाला उभा राहिलास?"

"अक्का, तुमचं घर यादीत नाही आलं."

बहिणीनं मला कोपर मारलं, पण शब्द तोंडातून गेले होते. अक्कांनी सूप खाली ठेवलं.

"यादीत न्हाई? मंग काय आमचं घर गावात न्हाई व्हय? भिताडाला भिताड लागून हाय, त्या बंद दाराफुडं उभा राहतोस अन् हितं जितं माणूस बसलेलं दिसंना तुला? हाव रं बाबा, नांदेडला जाऊन लई शाना झालास. भेटू दे तुझा बाप, सांगते त्याला."

आमच्याकडं उघड्या दारासमोरून, आतला माणूस बोलावत असताना, पुढे जाता येत नाही. ज्यांनी तुम्हाला चड्डीत पाहिलं आहे त्यांना संख्याशास्त्र सांगता येत नाही. आम्ही आत जाऊन बसलो. चहा आला. अक्कांचा मोठा मुलगा दहावीला बसून ट्रॅक्टरवर गेला होता, मुलीचं लग्न झालं होतं. मी ते सगळं हिरव्या दाराच्या जागी लिहून घेतलं. पुढे बंद घर आलं की आम्ही आधीच शेजारच्या ओट्यावर चढायला लागलो. शेजारचे खूश, कागद भरलेला, आणि संध्याकाळपर्यंत पोटात इतका चहा की बहीण म्हणाली, "तुझ्या प्रोजेक्टचं नाव बदल. 'गावातल्या चहातलं साखरेचं प्रमाण' असं ठेव."

नांदेडला येऊन आकडे मांडले. आलेख काढला तर दहावीनंतर रेघ जी खाली येत होती, ती उतारावरून गडगडत आल्यासारखी. वाईट वाटलं, पण एवढा ठळक निष्कर्ष हाती लागला म्हणून बरंही वाटलं. निष्कर्षाचं पान इंग्रजीत लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. आमच्या गावात दहावीनंतर शिक्षणाची आस उरत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. पान वाचून माझा मलाच अभिमान वाटला.

मॅडमनी ते पान वाचलंच नाही. त्या आमच्या गाईड होत्या. मुलं त्यांना घाबरत, पण मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्यांनी मागची पानं चाळली आणि विचारलं, "बंद घरं किती लागली?"

मी सांगितलं.

"त्यांचं काय केलंस?"

"शेजारच्या घरी विचारलं, मॅडम. एकही जागा रिकामी ठेवली नाही."

"आणि ती घरं बंद का होती?"

"लोक बाहेरगावी असतात."

"कशासाठी?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर जिभेवर येऊन अडलं. पोराला डॉक्टर करायलेत. अक्का स्पष्ट बोलल्या होत्या. मी ते ऐकलं होतं, मान हलवली होती आणि त्यांच्या ओट्यावर चढलो होतो.

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. "ज्यांची मुलं शिकतात ती घरं तू सोडलीस. ज्यांची शिकत नाहीत त्यांच्याकडं चहा प्यालास. आणि वर लिहिलंस की गावाला शिकायचं नाही." मग म्हणाल्या, "वाईट हेतूनं नाही केलंस, ते कळतं मला. पण हे सॅम्पल नाही. ही गाठीभेट आहे."

"आता काय करू, मॅडम?"

"बंद घरातली माणसं कुठंतरी असतीलच की. शोध. एप्रिल संपायच्या आत दुरुस्त करून आण. नाहीतर व्हायवा पुढच्या वर्षी."

मी बाहेर आलो. डिपार्टमेंटसमोर बसायला कट्टा आहे, पण मला बसवेना. गेटपर्यंत गेलो, तिथून विष्णुपुरीच्या रस्त्यानं चालत राहिलो. एक ऑटोवाला मागून हळूहळू येत राहिला, मी हात करीन या आशेनं. शेवटी तो "पैदलच जायचं का?" म्हणून पुढे निघून गेला. धरणाजवळ पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. पाणी शांत होतं, आणि त्या शांतपणाचाही मला राग आला. तिथून बहिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ती चिडेल असं वाटलं होतं. तिचाच जून पणाला लागला होता. पण ती म्हणाली, "दादा, आपलं घर पण असंच होतं की."

खरं होतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी लातूरला क्लासला होतो आणि आई माझ्याबरोबर खोली करून राहिली होती. बाबांनी मोकळ्या घरात एकट्यानं जेवायला नको म्हणून मुक्काम आखाड्यावर, शेतातल्या शेडमध्ये, हलवला. घराला कुलूप. सणासुदीला उघडायचं, परत लावायचं. 'घर खायला उठतंय' हे बाबा तेव्हापासूनच म्हणायला लागले होते. माझ्या शिक्षणाची सुरुवातच एका कुलपानं झाली होती, आणि मी दुसऱ्यांच्या कुलपांसमोरून चहाच्या वासानं निघून गेलो होतो.

"त्या वेळी कुणी सर्व्हेवाला आला असता," ती म्हणाली, "तर शेजाऱ्याचं लिहून गेला असता. तुझं नाव न्हाईच."

"हो."

"अन् माझं?"

मला लगेच कळलं नाही.

"मी देगलूरला मावशीकडं होते. तू लातूरला, बाबा आखाड्यावर. माझं कुठल्या घरात लिहिलं असतं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गणितातला प्रश्न विचारावा तसं तिनं विचारलं. मावशीच्या गल्लीत अर्धी माणसं तेलुगू बोलायची, अर्धी कानडी, आणि ती सुट्टीत घरी यायची तेव्हा तिच्या तोंडी निम्मे शब्द तिकडचे असायचे. आम्ही हसायचो. याच्यापलीकडं मी तिच्या त्या दोन वर्षांचा कधी विचार केला नव्हता. मी म्हणालो, "हा प्रश्न कागदावर घेतो."

"घे. अन् लवकर कर. मोठे काका परवा पुन्हा आल्ते."

पुढचे दिवस मी एका जागी टिकलो नाही. बहिणीनं गावातून बातमी काढायची, मी माणसं गाठायची, असं ठरलं. बातमी काढायला तिला फार कष्ट पडले नाहीत. ती अक्कांसोबत तुरी निवडायला बसली आणि संध्याकाळी तिनं मला एकेका कुलपाचा इतिहास सांगितला. सगळेच लातूरला नव्हते. एक घर दोन भावांच्या भांडणात बंद होतं आणि किल्ली कुणाकडं आहे यावरच भांडण होतं. एका घरातले हैदराबादला बांधकामावर होते. आणि एक कुटुंब चक्क नांदेडात, माझ्या खोलीच्या मागच्या गल्लीत राहत होतं. तिथल्या बाई मला रोज भाजीच्या गाड्यावर दिसायच्या. मी कागद घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा म्हणाल्या, "मी रोज बगते तुला. म्हणलं, ह्यो मोठा शिकायला आलाय, वळख दाखवणार न्हाई." मी ओशाळलो. त्यांची मुलगी नर्सिंगला होती.

बाकीचे लातूरला. फोनवर विचारून भागलं असतं, पण फोनवर आमच्याकडची माणसं "सगळं मजेत" एवढंच सांगतात. मी सकाळची एसटी धरली. अहमदपूरपर्यंत उभा होतो. जागा मिळाली तेव्हा बसवेना म्हणून पुन्हा उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "सीट टोचून राहिली का?"

लातूरची ती गल्ली बदलली नव्हती. फाटकांवर क्लासच्या पोरांचे फोटो, एका घराच्या सहा खोल्या आणि प्रत्येक खोलीत एक आई. दहा वाजता सगळ्या कुकरच्या शिट्ट्या मागोमाग व्हायच्या तशाच झाल्या. माझ्या आईचा कुकर यातच असायचा. ती गावात कुणाच्या पुढे बोलायची नाही, पण इथं पाण्याच्या नळावर भांडायला शिकली होती आणि पुढे मला सांगायची, "तुझं फिजिक्स अन् माझा नळ, दोन्ही एकदमच शिकलाव." मी थोडा वेळ आमच्या जुन्या खोलीच्या दारासमोर उभा राहिलो. आतून कुणीतरी "क्लासचे सर आले का?" विचारलं, तसा पुढे निघालो.

पहिल्या दोन घरांचं काम सुरळीत झालं. नव्या प्रश्नाचं उत्तरही मिळत गेलं. घराला कुलूप लागलं तेव्हा बाकीची मुलं कुठं ठेवली? आत्याकडं. मामाकडं. वसतिगृहात. सांगताना आयांचा आवाज थोडा खाली यायचा. त्या मुलांमध्ये मुलीच जास्त होत्या.

दुपारी हिरव्या दाराच्या काकूंची खोली सापडली. त्यांना गावाकडचं माणूस पाहून इतका आनंद झाला की मी कागद काढायच्या आधीच त्यांनी मला पाटावर बसवलं.

"बाळा, माझ्या दाराची कड बगितलास का? मागच्या पावसात पाणी धरल्तं."

"दार चांगलं आहे, काकू. पाला साचलाय थोडा."

"साचणारच. अक्का झाडती का न्हाई देव जाणे. अन् तुझी आई? गुडघा कसाय तिचा? तिला म्हणावं, नळावरची बाई अजून तशीच हाय."

आम्ही हसलो. मग मी सर्व्हेचं सांगितलं. त्यांनी पदर सावरला, परीक्षेला बसल्यासारख्या. मी विचारलं, "मुलगा आता काय करतो?"

"क्लासला गेलाय."

खोलीत दोरीवर कपडे वाळत होते. त्यात एक लाल टी-शर्ट होता. मोबाइलच्या दुकानात काम करणारी पोरं घालतात तसला, पाठीवर छापील मजकुराचा. मी तिकडं पाहिलं आणि लगेच नजर काढली. पण काकूंनी माझं पाहणं पाहिलं होतं.

बराच वेळ त्या गॅसच्या शेगडीवरचा डाग घासत राहिल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दिवाळीपासून क्लासला जात न्हाई. दोनदा नीटची परीक्षा दिली. तिसऱ्यांदा बसतच न्हाई म्हणला. दुकानात लागलाय. खूश हाय तिथं. घरी आला की गाणं म्हणतोय."

"मग तुम्ही गावी का येत नाही, काकू?"

"कोणत्या तोंडानं? आमच्या मालकानं अख्ख्या गावाला सांगितलंय, डॉक्टर होऊन येतोय म्हणून. ते शेतावरच राहतेत, गावात जाईनात. मी हितं बसून हाय. सकाळी डबा करते, त्यो दुकानात घेऊन जातोय." त्या वळल्या. "तू आपलं 'त्यो शिकायलाय' असंच लिही."

मी सांगितलं की कागदावर कुणाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो.

"लातूरला गावची घरं किती रं? नंबर लावलास तरी कोण वळखणार न्हाई? अक्का तर वासावरून काढंल."

त्या बरोबर बोलत होत्या. गाव लहान, घरं मोजकी. आणि मी हे प्रोजेक्टचं पुस्तक गावातल्या वाचनालयात ठेवायचं कबूल करून बसलो होतो.

"काकू, खोटं लिहिता येत नाही मला. याच गोष्टीवरून माझं सगळं परत आलंय."

"मंग खरं लिहून आमची अब्रू घालव."

त्या रागानं बोलल्या नाहीत. थकून बोलल्या. मला उठून चालावंसं वाटलं, पण खोलीत चालायला जागा नव्हती. मी त्या लाल टी-शर्टकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं.

"एक आहे," मी म्हणालो. "माहिती द्यायची नाही, असं घर म्हणू शकतं. ते त्यांच्या हातात असतं. मग त्या जागी 'उत्तर दिलं नाही' एवढंच येतं."

"पण मी तर सांगून बसले की आता."

"मी अजून पेन काढलेला नाही, काकू."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग पाणी दिलं. निघताना शेंगदाण्याच्या चटणीची पुडी हातात दिली, "बहिणीला दे. तिला म्हणावं, शिक. पण पोटात गोळा येऊ देऊन शिकू नको."

परतीच्या एसटीत मला बसायला जागा होती आणि मी बसलो, पण डोक्यातलं फिरणं थांबेना. मी कुलपामागचं शोधायला आलो होतो. ते सापडलं होतं, आणि मीच ते परत कुलपात घालून चाललो होतो. मॅडमनी काय केलं असतं? रिकामी जागा म्हणजे आळस, असं त्या वर्गात कितीदा म्हणाल्या होत्या. उद्या व्हायवाला ही एकच जागा माझ्यावर उलटली तर? बहीण अजून एक वर्ष तुरी निवडत बसेल. 'शिकतो' लिहिलं तर कुणाला कळणार होतं? 'सोडलं' लिहिलं तर तेच खरं होतं. लोह्याला बस थांबली. मी खाली उतरलो, पाण्याची बाटली घेतली आणि ती न उघडताच परत चढलो.

एप्रिल संपायच्या आत मी सगळं नव्यानं मांडलं. शेजाऱ्यांचे कागद काढून टाकले. अक्कांचाही. ते काढताना वाईट वाटलं, त्यांचा चहा फार चांगला होता. आता रेघ खाली येत होती, पण गडगडत नव्हती. तिच्यापुढे लातूर होतं, नांदेड होतं, थोडं हैदराबाद होतं. मुलींची रेघ वेगळी काढली तर ती दुसऱ्यांच्या घरांतून जात होती. मॅडमनी तिथं पेन्सिलनं खूण केली आणि विचारलं, "हे तुला कसं सुचलं?"

"बहिणीनं विचारलं, मॅडम."

"तिला सांग, प्रश्न चांगला आहे." मग त्यांचं बोट रिकाम्या जागेवर थांबलं. "आणि हे?"

"उत्तर दिलं नाही."

"भेटले होते?"

"भेटले. चहा नाही, पाणी प्यालो."

मॅडमनी मान वर केली. त्यांना काही कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, "बाहेरचे एक्झामिनर विचारतील. तयारी ठेव."

विचारलंच. ते दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते, वयानं मोठे, घाईत. त्यांनी बरोबर त्याच पानावर बोट ठेवलं. टेबलाखाली माझा पाय सुरू झाला होता.

"एवढं सगळं फिरलात, लातूरला गेलात, आणि हे एक घर सोडलंत? कंटाळा आला का?"

"नाही सर. त्या घरानं माहिती द्यायची नाही असं सांगितलं."

"एवढ्या साध्या प्रश्नाला? मग शेजारी विचारायचं होतं. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं."

मी मॅडमकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू आलं असतं किंवा रडू. "शेजाऱ्यांना वाटतं की त्यांना माहीत आहे, सर," मी म्हणालो. "मी आधी तेच केलं होतं. त्यामुळंच सगळं परत करावं लागलं."

त्यांनी ते पान उलटलं. पंखा फिरत होता. टेबलाखाली माझा पाय थांबला होता, हे मला नंतर आठवलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "एक रिकामी जागा ठेवल्याबद्दल एक मार्क कमी करतो, आणि ती भरली नाही म्हणून पास करतो." मला आजही कळलेलं नाही की हे त्यांनी गमतीनं म्हटलं की खरंच.

मी पास झालो. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "बरं झालं," आणि फोन आईकडं दिला. आई रडली. बहीण मागून ओरडली, "कागदपत्रं तयारच हायत!"

जूनमध्ये मी तिला न्यायला गावी गेलो. सकाळी आम्ही दोघं बॅगा घेऊन फाट्याकडं निघालो. आई दारात उभी होती, बाबा आखाड्यावरून मुद्दाम आले होते. घर उघडं होतं. मी दोनदा वळून पाहिलं. गल्लीच्या वळणावर हिरवं दार, तसंच बंद. उंबऱ्यासमोरचा पाला कुणीतरी झाडलेला होता. शेजारी अक्का बसल्या होत्या.

"झाला का रं पास? माझं नाव घातलास का पुस्तकात?"

"झालो, अक्का."

"अन् तू लातूरला गेल्तास म्हणं ह्यांच्याकडं." त्यांनी हिरव्या दाराकडं मान हलवली आणि आवाज बारीक केला. "लागला का त्यो डॉक्टरीला? ह्या वर्षी तरी?"

बहीण माझ्याकडं पाहत होती. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. चटणी मात्र तिला दिली होती.

"मला नाही सांगितलं त्यांनी, अक्का."

"एवढ्या लांब गेलास अन् न्हाई सांगितलं? कसला रं तुझा सर्व्हे?" अक्कांनी तोंड वाकडं केलं. "बस, चहा टाकते. गाडीला येळ हाय."

गाडीला वेळ नव्हता, पण आम्ही बसलो. उघड्या दारासमोरून जाता येत नाही. चहा पिताना बहिणीनं हळूच विचारलं, "दादा, खरंच न्हाई माहीत?"

मी कपातून मान वर केली नाही. तिनं हिरव्या दाराकडं पाहिलं, आणि मग अक्कांना म्हणाली, "अक्का, त्यांचा उंबरा तुम्हीच झाडता ना?"

"मी न्हाई तर कोण झाडणार? बंद घर हाय ते. घाण दिसती."

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. आम्ही कप खाली ठेवले आणि पळत सुटलो. बहीण माझ्यापुढे होती.